पाणी जिकडे, मी तिकडे

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा बाण आहे आणि ओळख होतानाच सांगून ठेवतो, मी सरळ होणार नाही. तसे प्रयत्न झाले आहेत. हातोडा वापरून झाला, साहेबी आवाज वापरून झाला. मी अजून वाकडा आहे आणि ठणठणीत आहे.

घोटीच्या पुढे, धरणाच्या कडेला एक फाटा आहे. डांबरी रस्ता सरळ जातो आणि एक बैलगाडीची वाट डावीकडे टेकाडामागे वळते. त्या फाट्यावर लोखंडी नळीच्या टोकाला मी उभा असतो. माझ्या अंगावर 'बोटीकडे' एवढेच लिहिले आहे. एवढे एकच काम दिलेले असताना ते चुकीचे करायला लावणे ही सोपी गोष्ट नाही. पण माणसांनी तेही जमवले. कसे ते ऐका.

माझे घराणे काही थोर नाही. मी घोटीतल्या एका भाताच्या गिरणीचे दार होतो. गिरणी बंद पडली, दार भंगारात गेले आणि तिथून मला दत्तू वेल्डरने उचलले. धरणाकाठच्या वाडीतल्या काळूने तेव्हा नवी बोट घेतली होती. पर्यटकांना पाण्यावर फिरवायचे, भोवतालचे डोंगर दाखवायचे आणि सूर्य मावळताना काठावर आणून सोडायचे, असा त्याचा बेत. पण बोट कुठून सुटते हे लोकांना कळायला हवे. म्हणून दत्तूने मला कापून टोक काढले, निळा रंग दिला, पांढरी अक्षरे काढली आणि मधोमध भोक पाडून एकाच बोल्टवर नळीला बसवले.

"एकच बोल्ट? फिरंल की हा," काळू म्हणाला.

"फिरायलाच पायजे," काळूची आई मंगलाबाई म्हणाली. "पाणी एका जागी बसत नाय, त मंग यानं कशाला बसायचं?"

मित्रांनो, हे शहरातल्या मुलांना समजावून सांगावे लागते. पावसाळा संपला की धरण काठोकाठ असते आणि बोट डांबरी रस्त्यालगतच लागते. मग खालच्या शेतीसाठी आवर्तन सुटते, म्हणजे धरणाचे पाणी कालव्यात सोडतात, आणि काठ मागे सरकतो. त्यानंतर बोट टेकाडामागे न्यावी लागते. उन्हाळ्यात ती आणखी पुढे, पाण्याबाहेर आलेल्या काळ्या कातळापाशी जाते. म्हणून वाडीची एक रीत पडली होती. आवर्तन सुटले की काळूने बोट हलवायची आणि मंगलाबाईने मला. ती आधी बोल्टवर खुरासणीच्या तेलाचे दोन थेंब सोडायची, मग विळ्याच्या मुठीने टोकावर ठोकायची. मी कुरकुरत वळायचो. ते माझे सुखाचे दिवस होते. नाशिकहून आलेली माणसे गाडीची काच खाली करून माझ्याकडे बघायची आणि न विचारता बरोबर वळायची. एका सरांनी तर पूर्ण वर्ग माझ्याखाली उभा करून फोटो काढला. गिरणीच्या दाराला आयुष्यात आणखी काय हवे?

यानंतर माझा विकास झाला.

डांबरी रस्त्याच्या टोकाला सिमेंटचा नवा धक्का बांधण्यात आला. बोटीत चढायला पायऱ्या, स्टीलचे कठडे आणि फोटोसाठी एक लाल लोखंडी हृदय. उद्घाटन ठेवले पावसाळ्यानंतर, धरण तुडुंब असताना. त्या दिवशी पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागले होते आणि मीही अर्थातच धक्क्याकडे तोंड करून होतो. उद्घाटनाला आलेल्या सरकारी साहेबांनी सहज मला हात लावला. मी हललो.

"हा ढिला आहे," साहेब म्हणाले. "वेल्डिंग करून टाका."

"साहेब, आवर्तन सुटलं का पाणी हितून जातं," मंगलाबाई म्हणाली. "बाण फिरवायला लागतो."

"मावशी, आता धक्का कायमचा झाला. फिरवाफिरवी बंद."

"धक्का हाय कायमचा. पाण्याला कळवलंय का?"

मागे कोणीतरी हसले. साहेब हसले नाहीत. दत्तूलाच बोलावून घेतले होते. ज्या हाताने त्याने मला बोल्ट दिला, त्याच हाताने त्याने मला नळीला चिकटवून टाकले. ठिणग्या उडाल्या, टाळ्या वाजल्या आणि मी पक्का झालो.

पुढे काय झाले ते तुम्ही ओळखले असेलच. आवर्तन सुटले. काळूने बोट टेकाडामागे नेली. धक्क्याच्या पायऱ्या चिखलात उतरू लागल्या आणि चिखलात म्हशी बसू लागल्या. मी मात्र लोकांना धक्क्याकडेच पाठवत होतो. लोकांचे फोनही तिकडेच पाठवत होते, कारण नकाशावर खूण धक्क्याची होती. माणसे जायची, म्हशी बघायची, लाल हृदयात उभी राहून फोटो काढायची आणि घोटीला वडापाव खाऊन घरी जायची. टेकाडामागे काळू बोट पुसत बसायचा. पुसून पुसून ती इतकी चकचकीत झाली की तिच्यात त्याचा पडलेला चेहरा दिसे.

एका शुक्रवारी तो फाट्यावर येऊन फोनवर बोलू लागला. पलीकडे मुकादम होता. भात कापून झाले की वाडीतली माणसे द्राक्षबागांच्या कामाला बाहेर जातात आणि उन्हाळ्यापर्यंत घरांना कुलपे असतात. बोट आल्यापासून काळूच्या घराला कुलूप लागले नव्हते.

"सोमवारी टेम्पो येतो," फोन ठेवून तो आईला म्हणाला. "दोघंबी जाऊ. बोट उपडी घालून ठेवतो."

मंगलाबाईने मान वर केली. तिने माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, ते पाहणे मला सहन झाले नाही. मला मान वळवता आली असती तर मी वळवली असती. तेवढीच तर अडचण होती.

शनिवारी सकाळी ती पहार घेऊन आली. आधी तिने सवयीने बोल्टवर तेल सोडले. मग वेल्डिंगवर घाव घातले. दत्तूचे काम चोख, ते तुटेना. "मेल्यानं तेवढं बरं केलंय," ती पुटपुटली. मग तिने पहार माझ्या टोकामागे अडकवली आणि सगळा भार टाकला. दुखले, हे मान्य करतो. पण मी वाकलो. तोंड टेकाडाकडे आले. पाठ तेवढी सरकारकडे राहिली.

दुपारी एक गाडी थांबली. आत स्नेहल आणि सुनील नावाचे जोडपे होते.

"फोन सरळ म्हणतोय," सुनील म्हणाला.

"बाण डावीकडे म्हणतोय."

"अगं, तो वाकलाय. कोणीतरी ठोकला असेल."

"गाडीने ठोकला असता तर खांब वाकला असता. नुसतं टोक कसं वाकेल? आणि फोनवर कालच्या माणसाने काय लिहिलंय बघ. 'धक्का सुंदर. पाणी असते तर अजून आवडले असते.'"

सुनीलने डोके खाजवले आणि गाडी डावीकडे घातली. मागच्या गाडीला वाटले, पुढच्याला माहीत असणार. तिच्या मागच्या गाडीलाही तसेच वाटले. संध्याकाळी टेकाडामागून बोटीच्या इंजिनाचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी तो दिवसभर थांबलाच नाही.

सोमवारी टेम्पो फाट्यावर आला. मुकादमाने हाक मारली, "काळू, गाठोडं कुठंय?"

"नाय येत या खेपेला."

"आन मंग बागेत कोन जाईल?"

"माहीत नाय. मला बोट सोडायचीय."

टेम्पो निघून गेला. काळूच्या घराला कुलूप लागले नाही.

बातमी साहेबांपर्यंत गेली आणि दत्तूला हुकूम आला: बाण सरळ करून फोटो पाठवावा. तो हातोडा घेऊन आला.

"कोनी वाकवला, मावशी?"

"वाऱ्यानं."

"एवढा वारा?"

"लय वारा हाय आमच्याकडं. चहा घेतो का?"

दत्तूने चहा घेतला. मग मला दोन घाव घातले, वाजण्यापुरते. मग फोन काढून तो माझ्याभोवती फिरू लागला. इकडून बघ, तिकडून बघ, खाली बस. शेवटी त्याला एक जागा सापडली, जिथून वाकडा बाण सरळ दिसतो. तिथून त्याने फोटो काढला आणि पाठवून दिला.

तेव्हा सरकारदरबारी मी सरळ आहे. इथे मात्र आवर्तन सुटले की मंगलाबाई पहार घेऊन येते आणि मला आणखी थोडी मुरड घालते. वाकून वाकून पत्रा थकतो, मित्रांनो. घडीवर एक बारीक चीर पडली आहे. म्हणून मागणे एवढेच आहे. मला रंग नको, हार नको. माझा बोल्ट मोकळा करा आणि त्यावर दोन थेंब तेल सोडा. तुमच्या गावातही असे एका बोल्टवर फिरणारे काही असेल तर त्याला ढिले म्हणू नका.

आणि कोणी बोल्ट मोकळा केला नाही तरी हरकत नाही. एक दिवस मी तुटेन. पण पडताना चिखलातल्या धक्क्याकडे पडणार नाही, एवढे साहेबांना कळवा.