दोन बोटे उंच

माझ्या ताईला सरकारी अतिथिगृहात सगळे फूटपट्टी म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते माहीत आहे आणि त्याचा तिला रागही येत नाही, कारण तिचे कामच तसे आहे. दोन देशांची माणसे बोलणी करायला आली की ज्या दालनात ती बसतात तिथली सगळी मांडणी ताईची. टेबल, खुर्च्या, झेंडे, पाण्याचे पेले. एकाचा झेंडा दुसऱ्यापेक्षा नखभर वर गेला तरी ज्यांचा खाली राहिला ते टेबलाला बसत नाहीत. मी त्याच इमारतीत चहापाण्याचे बघते, त्यामुळे अर्ध्या जगाला धाक दाखवणारे साहेबलोक खुर्चीचे पाय बघायला ओणवे झालेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

आमचा देश लहान. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, म्हणून दोन बलाढ्य देश भांडण मिटवायला आमच्याकडे येतात. खरे तर भांडायलाही आमच्याकडेच येतात. बाहेर बोलताना त्यांची नावे घ्यायची नाहीत असा आम्हाला दंडक आहे, म्हणून आम्ही नोकरमाणसांनी त्यांना आमची नावे ठेवली. एक थोरली जाऊ, दुसरी धाकटी जाऊ. थोरलीला वाटते, घर आपल्यामुळे चालते. धाकटीला वाटते, आता किल्ल्या आपल्याकडे यायला हव्यात. दोघी कडाकडा भांडतात तेव्हा आम्ही निवांत असतो. गोड बोलायला लागल्या की आम्ही धास्तावतो.

त्या दालनाला समोरासमोर दोन दारे आहेत. ती मुद्दाम तशी केलेली आहेत. ताई मधोमध उभी राहते, हात वर करते आणि खाली आणते, की दोन्ही दारे एकदम उघडतात. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. खुर्च्या मोजून झाल्या तरी तिचे समाधान होत नाही. प्रत्येक खुर्चीत ती स्वतः बसून बघते, कारण वापराने गादी दबते आणि ते पट्टीला कळत नाही. आणि तिचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे एकाला जे द्यायचे ते दुसऱ्यालाही द्यायचेच. एकाने पाणी मागितले तर दोघांपुढे पाणी. एकाला सर्दी झाली तर दोघांपुढे कागदी रुमाल, मग दुसऱ्याचे नाक कितीही धडधाकट असो.

अशा बाईच्या पोटी भोंगा जन्माला आला. माझा भाचा. लहानपणी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा रडायचा म्हणून ते नाव पडले, आणि मोठा होऊन तो मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायला लागला तेव्हा ते अगदी चपखल बसले. ताईचे यजमान लवकर गेले. भोंग्याला आम्ही दोघींनी वाढवले, तिने शिस्त लावली आणि मी ती बिघडवली.

त्याच्या जहाजावर थोरलीची यंत्रे होती. धाकटी म्हणाली, ही शस्त्रे बनवायची यंत्रे आहेत, आणि जहाज आपल्या बंदरात अडकवून ठेवले. मग थोरलीने धाकटीचे एक जहाज अडकवले. फिट्टंफाट. जहाजांवरची माणसे मात्र ना इकडची ना तिकडची, आमच्यासारख्या लहानसहान देशांतली, त्यामुळे त्यांच्यासाठी घसा कोरडा करायला कोणी नव्हते. त्यांना जहाजावरून खाली उतरायची परवानगी नव्हती. अधूनमधून फोन करू देत.

बोलण्यांच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला तो मीच उचलला.

"मावशी, आईला सांग जेवण झकास मिळतं."

"आणि खरं काय?"

"खरं तुला कळलंच की. पण तिला झकास सांग." मग तो बराच वेळ खोकला. "काही नाही गं, इथलं हीटर बंद पडलंय. एक भाग बदलला की झालं, पण तो थोरलीकडे बनतो, आणि धाकटी म्हणते थोरलीचा खिळासुद्धा बंदरात येऊ देणार नाही."

"आणि तू इंजिनवाला ना? मग कर की काहीतरी!"

"फुंकर घालून बघितली," तो म्हणाला आणि हसला. "तू पाठवलेला स्वेटर घातलाय. आईने काय पाठवलं माहितेय? मोजे. दोन्ही पायांचे सारखे आहेत, खात्री करून घेतली मी. माय मरो पण मावशी जगो, असं उगाच नाही म्हणत लोक!"

ताईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "मेल्या, घरी ये, मग बघते तुझ्याकडे." बोलताना ती हसत होती. फोन ठेवल्यावर तिने मला एवढेच विचारले, "खोकत होता ना?"

बोलण्यांच्या यादीत पहिला विषय जहाजांचाच होता. कागद तयार होता. दोघींनी एकाच वेळी सह्या करायच्या, एकाच वेळी जहाजे सोडायची. आमचे साहेब, म्हणजे अतिथिगृहाचे मुख्य अधिकारी, मनाने भले. त्यांनी ताईला विचारले, सुट्टी हवी का, दुसऱ्या कोणाला तरी मांडणी करू दे. ताई म्हणाली, "साहेब, माझं पोर आहे त्या टेबलावर. मी दुसऱ्याचा हात लागू देणार नाही त्याला."

सकाळी दोन्ही दारे एकदम उघडली. थोरलीकडून एक तरुण मंत्री आला होता, ताठ, इस्त्री केल्यासारखा. धाकटीकडून एक म्हातारे वकील. ते उमेदीत आमच्या देशातल्या त्यांच्या वकिलातीत काही वर्षे नोकरीला होते, त्यामुळे आमची भाषा मोडकीतोडकी बोलत. मी चहा नेला तेव्हा दोघे तावातावाने बोलत होते, पण तोडत नव्हते. दुपारी साहेब बाहेर आले आणि ताईच्या कानाशी म्हणाले, "जमतंय. जेवणानंतर सह्या होतील."

जेवणानंतर म्हातारे वकील भिंतीला धरून व्हरांड्यात आले. चेहरा पांढराफटक पडला होता. पाठीत उसण भरली होती. त्यांनी ताईला बघून हसायचा प्रयत्न केला.

"बाई, तुमची खुर्ची चांगली. माझी पाठ वाईट," ते म्हणाले. "आज आता बसवत नाही. उद्या बघू."

ताई एकदम पुढे झाली. "उद्या नको," ती म्हणाली.

आमच्या इमारतीत जुन्या सगळ्यांना माहीत आहे की उद्यावर गेलेले काम घोड्यावर बसून जाते, परत येत नाही. रात्रीतून तिकडे कोणाचे तरी भाषण होते, इकडे कोणाच्या तरी मिश्यांना पीळ पडतो, आणि सकाळी दारे उघडायला माणसेच नसतात. म्हातारेबुवांनी तिच्याकडे नीट पाहिले. ती का नको म्हणते हे तिने सांगितले नाही, त्यांनी विचारले नाही. पण आई लपत नाही.

"तासभर बसा," ती म्हणाली. "मी करते काहीतरी."

तिच्या स्टुलावर एक चपटी गडद उशी होती, तिच्या स्वतःच्या कमरेसाठी घरून आणलेली. ती तिने उचलली, दालनात गेली आणि म्हाताऱ्यांच्या खुर्चीवर बसवली. मी पेले मांडत होते. माझा हात थांबला.

"ताई, दुसरी?" मी विचारले.

तिने समोरच्या खुर्चीकडे पाहिले. पट्टी तिच्या खिशातच होती. "दुसरी शोधत बसले तर ते निघून जातील. दोन बोटांनी काय होतंय?"

हे कोण म्हणाले, तर आमची ताई. जन्मभर जिने नखाचा हिशोब ठेवला ती. मला त्या क्षणी तिची इतकी माया आली की मी पुन्हा पेले मांडायला लागले.

म्हातारे बसले. चेहऱ्यावर थोडा रंग आला. बोलणी पुढे सरकली, कागद आला, दोघांपुढे सारखी पेने आली. फोटो काढणारे आत आले आणि गेले. ताई दाराच्या फटीतून बघत होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. "आता," ती पुटपुटत होती, "आता, आता."

तेवढ्यात थोरलीच्या मंत्र्याच्या सचिवाचा फोन वाजला. तो उठून कोपऱ्यात गेला. परत आला तेव्हा त्याने मंत्र्याच्या कानात काहीतरी सांगितले. मंत्र्याने पेन खाली ठेवले आणि समोर पाहिले. म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे नाही, त्यांच्या बुडाखाली.

फोटो तिकडे पोहोचला होता. फोटोत धाकटीचा माणूस थोरलीच्या माणसापेक्षा दोन बोटे उंच दिसत होता. तिकडच्या टीव्हीवर कोणीतरी त्या दोन डोक्यांवरून लाल रेघसुद्धा मारली होती.

"हे काय आहे?" मंत्र्याने विचारले.

"उशी आहे," म्हातारे म्हणाले. "पाठ दुखते माझी. थांबा, काढतो." आणि ते खरोखरच उठायला लागले. देवाशपथ सांगते, ते उठत होते.

पण त्यांच्या मागे बसलेल्या त्यांच्याच अधिकाऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे म्हणणे, आपण त्यांच्या सांगण्यावरून खाली बसायचे? उद्या आपल्याकडचे लोक काय म्हणतील? तेव्हा उशी काढायची नाही. मंत्री म्हणाला, उशी निघाल्याशिवाय सही नाही. साहेब धावतपळत दुसरी उशी घेऊन आले. मंत्री म्हणाला, आम्हाला कोणाची उष्टी सोय नको. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता. जळत होते ते दुसऱ्यांचे. कागद मधेच पडून होता. त्यावर दोन रेघा ओढायच्या होत्या फक्त.

थोड्या वेळाने दोन्ही बाजू उठल्या आणि दोन दारांनी निघून गेल्या. अगदी एकाच वेळी.

चौकशी झाली. उशी कोणी ठेवली? ताई सांगायला उभी राहिली होती, पण त्याआधीच म्हाताऱ्यांचा निरोप आला की उशी मीच मागून घेतली, तिथल्या कोणाचा दोष नाही. आठवड्याभरात त्यांना घरी बसवल्याचे आम्ही ऐकले. ताईची नोकरी राहिली. मला वाटते, ती गेली असती तर तिला बरे वाटले असते.

मी तिला खूप समजावले. "अगं, उशी नसती तर त्यांना झेंड्याची काठी खुपली असती. ज्याला नाचायचंच नाही त्याला अंगण वाकडंच." ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पण मला माहीत होतं. बाकी कोणाला नव्हतं, मला होतं."

थंडी वाढली. हीटरचा तो भाग काही बंदरात आला नाही. भोंग्याचे फोन आखूड होत गेले, कारण बोलण्यापेक्षा खोकणेच जास्त असायचे. शेवटच्या फोनला तो आईला म्हणाला, "उशीचं ऐकलं मी. इथे सगळे हसले गं. तू मनाला लावून घेऊ नकोस. मीही ठेवली असती." मग डॉक्टर जहाजावर न्यायला कोणाची परवानगी लागते यावर पत्रापत्री झाली. डॉक्टर पोहोचले तेव्हा न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता.

तो गेल्यावर जगभर बातमी झाली, दोन्ही जावांना लाज वाटली, आणि जी जहाजे इतके दिवस सुटत नव्हती ती एका दुपारी सुटली. सह्या कुठे झाल्या, खुर्च्या कोणी मांडल्या, आम्हाला कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. इथे माय जगली, मावशीही जगली. पोराचे काय होते, ते त्या म्हणीत सांगितलेलेच नाही.

त्याची शवपेटी घरी आली त्या दिवशी आमच्या अरुंद गल्लीत दोन काळ्या गाड्या शिरल्या. एक थोरलीच्या वकिलातीची, दुसरी धाकटीच्या. प्रत्येकीतून दोन माणसे उतरली, हातात पुष्पचक्र. दाराशी आली आणि थांबली. आमचे साहेब मधे उभे होते. एका बाजूने काहीतरी विचारले, दुसऱ्या बाजूने काहीतरी विचारले, आणि साहेबांच्या कपाळाला घाम फुटला. ते आत आले, ताईजवळ वाकले. बोलताना त्यांनाच लाज वाटत होती.

"ताई, ते म्हणताहेत, आधी कोणी आत यायचं? तुम्हीच काहीतरी सांगा."

मला वाटले ही आता किंचाळेल. ती उठली. पदर सारखा केला, दारापर्यंत गेली. दोन्ही पुष्पचक्रांवरून तिची नजर फिरली, जन्माची सवय, ती कुठे जाणार?

"दोन्ही सारखी आहेत," ती त्यांना म्हणाली. "व्यवस्थित केलंत. पण माझ्या घराला दार एकच आहे."

आणि तिने ते लावून घेतले.

बाहेर बराच वेळ कोणतीच गाडी सुरू झाली नाही. आधी निघायचे कोणी, हे ठरत नसावे. आत कोणीतरी ताईपुढे खुर्ची सरकवली. तिने ती बाजूला केली आणि पेटीला टेकून जमिनीवर बसली. इतके दिवस ती रडली नव्हती. मी तिच्या शेजारी बसले, तिचे डोके खांद्यावर घेतले, आणि मग आम्ही दोघी रडलो, भोंगा लहानपणी रडायचा तशा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.