रक्तशुद्धीचा आठवडा

"ओळखलं! ओळखलं हो मला!" स्टेजवरची बाई ओरडली आणि फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल टाळ्यांनी दणाणला. खुर्चीत तिचे यजमान, बँकेतले निवृत्त मॅनेजर, भांबावून हसत होते. परवापर्यंत ते बायकोला आत्या समजत होते. दोन दिवस गुरुजींचं 'स्मृतिजल' पोटात गेलं आणि आज त्यांनी तिला चक्क नावानं हाक मारली.

गुरुजींनी माइक घेतला. अंगात डॉक्टरचा पांढरा कोट. तो कुठून मिळवला, हे विचारायचं नाही. आवाज मधात बुडवून काढलेला.

"विसरणं हा मेंदूचा रोगच नाही. रक्त गढूळ, म्हणून आठवण गढूळ! भांडं घासायचं तर आधी रिकामं करावं लागतं की नाही?"

"लागतं!" हॉल म्हणाला.

"मग माणूसही आधी रिकामा करावा लागतो!"

एवढ्याशा तर्कावर शिकली-सवरली डोकी डोलली. मागच्या रांगेत वडील आणि धाकट्या भावाबरोबर बसलेल्या थोरलीचं डोकं तेवढं डोललं नाही. ती वडिलांकडे, अप्पांकडे बघत होती. अप्पांचा रिकामं होण्याचा आठवडा चालू होता.

आठवडा म्हणजे काय, तर जेवणात मिठाचा कण नाही आणि जागेपणी दर तासाला मोठा ग्लास भरून पाणी. या दिवसांत माणूस सुस्तावतो, बरळतो, घरच्यांना ओळखेनासा होतो. "घाण वर येतेय," असं गुरुजी समजावायचे. मग पाणी बंद आणि स्मृतिजल सुरू. जो शुद्धीवर यायचा तो स्टेजवर. जो यायचा नाही त्याच्या घरच्यांची श्रद्धा कमी पडलेली असायची. ती मंडळी मागच्या जिन्यानं गुपचूप उतरून जायची.

अप्पा जन्मभर शिंपीकाम केलेले. दोन वर्षांपासून विसरत होते. जेवले की नाही, हे विसरायचे, पण रस्त्यानं जाणाऱ्याची कॉलर तिरकी बसलेली त्यांना अजून खटकायची. लेकीला 'चिमणे' म्हणायचे. आता मान छातीवर पडलेली. सकाळी शर्टाच्या बाहीत कुठला हात घालायचा, तेही त्यांना कळलं नव्हतं.

"हे बरं होणं आहे?" तिनं भावाला विचारलं.

"ताई, घाण वर येतेय. सांगितलंय ना त्यांनी?"

"घाण वर येत नाहीये, अप्पा खाली चाललेत."

"मग तू सांग दुसरं काही!" धाकटा चिडला. अप्पांचं सगळं करणारा तोच होता. "तुझी डॉक्टरीण म्हणते हा आजार बरा होणार नाही. हे म्हणतात होईल. मी कोणाचं ऐकू?"

तेवढ्यात अप्पांचा हात ताठ झाला, डोळे फिरले, दातखीळ बसली.

"घाबरू नका! हा शुद्धीचा शेवटचा झटका!" गुरुजी स्टेजवरून गरजले.

भावानं एकदा स्टेजकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग अप्पांचे पाय उचलले, खांदे थोरलीनं धरले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी आकडी थांबवली आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. "यांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला एक भाग, एकशे पस्तीसच्या वर हवं. आलंय एकशे तेरा. मीठ तोडलंत, वर पाणी ओतत राहिलात, त्यात ही ब्लडप्रेशरची गोळी. तीही लघवीतून मीठ बाहेर काढते. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, मेंदू सुजतो. याला शुद्धी म्हणता?"

सलाइन चढलं, पाण्याला माप लागलं, गोळी बंद झाली. "हळूहळूच वाढवायचं," बाई म्हणाल्या, "घाई केली तर मेंदूला नवी इजा." चौथ्या दिवशी अप्पांनी डॉक्टरीणबाईंच्या कोटाची बाही चिमटीत धरली आणि म्हणाले, "कोणी शिवलाय हा? खांदा उतरलाय." मग लेकीकडे वळून, "चिमणे, घरी कधी जायचं?"

धाकटा रडायलाच लागला. "बघ ताई, आठवडा फळाला आला!"

डॉक्टरीणबाई भडकल्या. "अहो, या सलाइनच्या बाटलीत मिठाचं पाणी आहे! तुमच्या गुरुजींच्या पेल्यात काय असतं?"

कोपऱ्यातल्या पिशवीत आठव्या दिवसासाठी आणलेली स्मृतिजलाची बाटली तशीच होती. थोरलीनं झाकण काढून बोट बुडवलं, चाखलं आणि बाटली भावापुढे धरली. मीठ, साखर आणि गुलाबाचा वास.

पुढच्या रविवारी ती दोघं हॉलमध्ये गेली. मॅनेजर आणि त्यांची बायको पहिल्या रांगेत मानानं बसली होती. थोरली उभी राहिली.

"काकू, एकच विचारते. पहिल्यांदा इथे आलात, तेव्हा काका तुम्हाला ओळखायचे?"

"ओळखायचे की! चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, तेच ते पुन्हा विचारायचे, म्हणून तर..." बाई बोलता बोलता थांबल्या.

"मग आत्या कधीपासून म्हणायला लागले?"

बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "तो आठवडा... त्याच आठवड्यात."

"शंका आली की जल नासतं!" गुरुजी ओरडले.

"आमच्या बापाचं रक्त नासवलंत, त्याचं बोला," धाकटा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो चारचौघांत बोलला असेल. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्यानं अडखळत, पण न चुकता सांगितलं. काही लोक उठले. काही बसून राहिले. त्यांचे रुग्ण रिकामे होत होते आणि बाटलीवरचा विश्वास सुटत नव्हता.

अप्पांचा मूळ आजार गेला नाही. तो जाणारा नव्हताच. त्यांना अजून दीड वर्ष मिळालं. शेवटी चिमणीही गेली, कॉलरही गेली. त्या दीड वर्षातले किती चांगले दिवस त्या एका आठवड्यानं खाल्ले, ते कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून कोणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा: हा माणूस तुमच्याकडे आला तेव्हा कसा होता? ज्यानं खड्डा खणला, तोच दोर टाकून वर ओढतो आणि आपण त्याच्या पाया पडतो. घरातलं माणूस एकाएकी जास्त गोंधळलं, तर त्याला हॉलमध्ये नेऊ नका, दवाखान्यात न्या. त्याचं रक्त तपासा. मीठ, साखर, थायरॉइड, जीवनसत्त्वं यांतलं काही बिघडलं असेल, तर ते पुष्कळदा दुरुस्त होतं, आणि त्यासाठी कोणाच्या कृपेची गरज लागत नाही. जे दुरुस्त होणार नाही, ते होईल असं सांगणारा तुमचा कोणी लागत नाही. त्याला दारातूनच परत पाठवा आणि आपल्या माणसाजवळ जाऊन बसा. तो अजून तुम्हाला ओळखतोय.