मुकी गाडी

"ऐका. ऐकताय ना? ही बडबड कसली?"

मालक हिरव्या गाडीच्या बॉनेटवर वाकून उभे होते. आतून खट-खट-खट असा बारीक, एका लयीतला आवाज येत होता. मालकांना वडिलांकडून कारखाना मिळाला होता, तो मॅनेजर चालवत. जुन्या मोटारींचा संग्रह मिळाला होता, तो मिस्त्री चालवत. स्वतः मालकांना चालवायला फक्त मतं उरली होती, आणि ती ते भरधाव चालवत.

"काल डॉक्टरांकडे गेलो होतो," ते म्हणाले. "त्यांनी ती जुनी गाडी घेतलीय ना, ती बघायला. इंजिन चालू होतं आणि मी विचारतोय, चालू कधी करताय? हसले हो मला! सगळ्यांसमोर!"

समोर दोन मिस्त्री उभे होते. थोरल्याला सगळे कानसेन म्हणत, कारण बॉनेट न उघडता नुसतं ऐकून तो इंजिनाचा आजार सांगे. धाकटा त्याच्या बहिणीचा नवरा. त्याला इथे आणलं कानसेननं, पाना धरायला शिकवलं तेही त्यानंच. हेडमिस्त्री थकून घरी बसल्यापासून ती जागा रिकामी होती. जागेबरोबर गॅरेजमागच्या दोन खोल्या मिळत. खोल्यांना स्वतंत्र नळ होता आणि मोठी खिडकी होती. त्या खिडकीचा पडदा कानसेनच्या बायकोनं मनातल्या मनात कधीच शिवून ठेवला होता.

"डॉक्टरांच्या गाडीला हवेच्या असल्या आपटणाऱ्या झडपा, व्हॉल्व्हच नाहीत, मालक," मेहुणा म्हणाला. "पिस्टनभोवती एक नळकांडं सरकतं, त्याच्या भोकांतून हवा आत-बाहेर करते. आपटायला काही नाहीच, तर आवाज कुठून येणार? पण तेल किती पिते ते विचारा त्यांना. मागून निळा धूर निघतो तो बघा."

"धूर मागच्यांना दिसतो. मी पुढे बसतो."

मालक गाड्यांच्या रांगेकडे वळले. रांग वयाप्रमाणे लावलेली होती. सगळ्यात म्हाताऱ्या गाडीत हवा आत घेणारा व्हॉल्व्ह नुसत्या स्प्रिंगवर लटकलेला; पिस्टन खाली गेला की ओढीनं आपोआप उघडायचा, आणि मनात आलं तर नाही उघडायचा. तिच्यानंतरच्या गाडीत दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या कुशीला शेजारीशेजारी, सख्ख्या जावांसारखे, आणि खालून ढकलायला फिरता उंचवटा, म्हणजे कॅम. हिरव्या गाडीपर्यंत येता येता व्हॉल्व्ह डोक्यावर चढले होते. खालून लांब दांड्या, वर व्हॉल्व्ह दाबणारे हातोडीसारखे रॉकर. ताकद वाढली, आणि बडबडही.

"रविवारी जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत डॉक्टर माझ्या पुढे असणार," मालक म्हणाले. "तोवर ही गप्प झाली पाहिजे. जो करील तो हेड."

"गप्प होईल, पण व्हॉल्व्ह जळतील," मेहुणा म्हणाला. "रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते, मालक. तापल्यावर लोखंड वाढतं, त्याला जागा नको? फट मिटवली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. मग जाळ त्याची कड चाटून खातो. ही खटखट म्हणजे तिची तब्येत आहे, तब्येत!"

मालकांना 'पण' या शब्दाची लहानपणापासून सवय नव्हती. त्यांनी कानसेनकडे पाहिलं.

मेहुणा बोलला त्यातला शब्द न् शब्द कानसेनचा होता. याच गाडीवर वाकून त्यानं त्याला शिकवलं होतं, 'बोलणारा व्हॉल्व्ह जगतो, गप्प बसलेला जळतो.' आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती खरं आहे हे कळतं, आणि किती गैरसोयीचं आहे हेही.

"बघतो, मालक," कानसेन म्हणाला. "होईल."

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि पोळी तव्यावर उलटली. "आजवर खरं बोलून काय मिळवलंत? ही खोली? इथं कूस बदलायची तर आधी भिंतीला विचारावं लागतं."

"गाडीचं वाटोळं होईल गं."

"गाडी तुमच्या आजोबांची आहे का?"

कानसेननं मनाशी हिशेब मांडला. मिरवणूक मैदानापर्यंत जाणार आणि परत येणार. तेवढं व्हॉल्व्ह सोसतील. सोमवारी गुपचूप फट पुन्हा ठेवायची. मालक खूश, गाडी शाबूत, बायको खिडकीत. हिशेबात खोट कुठेच नव्हती. असा हिशेब जमला की माणसानं तो दुसऱ्याकडून तपासून घ्यावा. पण तपासणारा एकच होता, आणि तो मेहुणा होता.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी त्यानं इंजिन तापवलं आणि रॉकरचा एकेक स्क्रू पिळत फट मिटवत आणली. खटखट विरत विरत थांबली.

"दादा, तुम्ही करताय हे?" मेहुणा मागे उभा होता.

"एका दिवसाचा प्रश्न आहे हो, भाओजी. सोमवारी पूर्ववत करतो."

"मालक करू देतील?"

"त्यांना काय कळतंय!"

"तेच तर," मेहुणा म्हणाला आणि हात पुसत निघून गेला.

मिरवणूक झकास झाली. मैदानावर डॉक्टर स्वतः हिरव्या गाडीजवळ आले आणि कान पुढे करून म्हणाले, "चालू आहे?" मालकांना आयुष्यात याहून अधिक काही नको होतं. परत आल्याआल्या त्यांनी खोल्यांची किल्ली कानसेनच्या हातावर ठेवली.

"हिला आता कुणी पाना लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही. आणि बाकीच्याही सगळ्या अशाच करा. मला गॅरेज चिडीचूप पाहिजे."

"सगळ्या?"

"सगळ्या. आणि तुमच्या त्या मेहुण्याला दुसरीकडे बघायला सांगा. प्रत्येक गोष्टीला 'पण' म्हणतो. असा माणूस कामाचा नाही."

इथे एका वाक्याची जागा होती. वाक्य मोठं नव्हतं, 'तो म्हणतो ते मीच शिकवलंय' एवढंच. कानसेनच्या जिभेवर ते आलंही. मालक वाट बघत होते. निदान तसं त्याला वाटलं. मग मालकांनी घड्याळ पाहिलं, आणि कानसेन म्हणाला, "बरं."

बहीण नव्या घरी आली ती उंबऱ्यातच थांबली. वहिनीनं पाट पुढे केला, त्यावर बसली नाही.

"दादा, यांनी काय चुकीचं सांगितलं होतं, तेवढं सांग."

"चुकीचं नव्हतं गं."

"मग मालकांना तसं बोललास?"

"वेळ बघून बोलणार आहे."

"बोल हं," ती म्हणाली. "आता काय, वेळच वेळ. हेड झालायस." जाताना तिनं खिडकीकडे पाहिलं. "पडदा छान आहे, वहिनी." वहिनीला ते कौतुक वाटलं की नाही, तिलाच ठाऊक. त्यानंतर बहीण आली नाही.

कानसेन एकेक गाडी गप्प करत गेला. सगळ्यात म्हातारीला पिळायला रॉकरच नव्हता. मालक म्हणाले, मग ती चालूच करू नका. तिच्यावर कापड घातलं. आता मालक पाहुणे घेऊन येत, गाड्या सुरू करवत आणि ओठांवर बोट ठेवून त्यांना ऐकायला लावत. पाहुणे काही न ऐकू येण्याचं मनापासून कौतुक करत. कानसेन कोपऱ्यात उभा राहून सगळं ऐकत असे. खटखट नव्हती. धापा होत्या.

एका सकाळी मालकांनी हिरवी गाडी काढायला सांगितली. कानसेननं गाडीसमोर उकिडवं बसून इंजिन सुरू करायचं हँडल मारलं. धडधाकट इंजिनाचं हँडल उलटून ढकलतं. आत कोंडलेली हवा माणसाच्या खांद्याशी झुंजते. या हँडलला झुंज नव्हती. ते नुसतं फिरलं, रिकाम्या विहिरीवरच्या रहाटासारखं. त्यानं पुन्हा फिरवलं. पुन्हा तसंच. व्हॉल्व्ह जळले होते; हवा आत कोंडतच नव्हती.

"थांबा, मला बघू द्या," मालक म्हणाले. त्यांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि एका हातानं हँडल गरगरा फिरवलं. त्यांचा चेहरा उजळला. "अरे! मला कधी हलत नव्हतं हे. बाबा म्हणायचे, तुझं काम नाही. बघा आता! हीसुद्धा तुमचीच करामत?"

कानसेन उठून उभा राहिला.

"हो, मालक," तो म्हणाला, आणि त्यांचा कोट हातात धरून उभा राहिला. मालक हँडल फिरवतच होते.