मेणातली ताई

"रंग तर चांगला आला होता ना, मग ताई का गेली?"

तिच्या धाकट्या भावाने हे सर्जनला विचारलं, नर्सला विचारलं, प्रयोगशाळेच्या दाराशी उभं राहून विचारलं. उत्तर मलाही ठाऊक नाही, आणि मी तर तिच्याच पोटातला.

मी मेणाचा ठोकळा बोलतोय. काडेपेटीहून लहान. माझ्या मधोमध ताईच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीचा नखाएवढा तुकडा आहे. ऑपरेशननंतर तो औषधात मुरवला, त्यातलं पाणी काढलं आणि वर वितळलेलं मेण ओतलं. तो माझा जन्म. प्रयोगशाळेतल्या बाई मला बर्फावर पालथं घालून गार करतात आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या काढतात. दर चकतीगणिक मी झिजतो. दुखत नाही.

चकत्यांवर रंग चढवतात. गाठीत एक ठरावीक प्रथिन असलं तर तपकिरी छटा येते. ती आली की रोग उलटण्याची शक्यता कमी, असं डॉक्टर सांगतात. कमी म्हणतात, ऐकणारा 'नाही' असं ऐकतो.

माझा रंग गडद आला. खात्रीसाठी दुसऱ्या इस्पितळात दाखवायचं ठरलं. बाईंनी मला भावाच्या हाती दिलं. "उन्हात ठेवू नकोस, मेण आहे." गडी इतका धास्तावला की मला जेवणाच्या डब्यात घालून घरी नेलं आणि फ्रीजमध्ये टोमॅटोंशेजारी ठेवलं.

ताईने फ्रीज उघडला. "अरे शहाण्या, मी इथे उभी आणि मला आत कोंबतोस?"

"तू गप गं. खराब झालीस म्हणजे?"

"भाजीत चिरू नकोस म्हणजे झालं."

टाके दुखेपर्यंत हसली ती.

दुसरीकडेही तोच रंग आला आणि मी बाईंकडे परतलो. भावाने गल्लीभर सांगितलं, "ताई पास झाली." वर्ष सरायच्या आत रोग यकृतात उतरला आणि ती गेली.

मग तो मला न्यायला आला. बाई म्हणाल्या, "ने, तुझा हक्क आहे. पण रंग चांगला येऊनही ज्यांचा रोग उलटला, त्यांचे ठोकळे आम्ही पुन्हा तपासतोय. दुसरं एखादं प्रथिन आधी सांगू शकलं असतं का, ते बघायचंय."

"अंदाज तुमचा चुकला, आणि तुकडाही तुम्हालाच हवा?"

मला खिशात टाकून तो तरातरा निघून गेला. पुन्हा फ्रीज, पुन्हा टोमॅटो. बाईंचं म्हणणं त्याने आईला सांगितलं होतं; ती दूध ठेवायला आली, मला पाहून थबकली. "इथे टोमॅटोंना काय सांगणार आहे ती?" एवढंच म्हणाली.

माझ्यात आता मोजक्याच चकत्या उरल्यात. बाई, जपून कापा.

दुसऱ्या दिवशी तो त्याच डब्यातून मला घेऊन आला. बाईंनी हात पुढे केला, पण त्याने दिलं नाही. शर्टाच्या बाहीने माझ्यावरचा दमटपणा पुसला, स्वतःच मला बर्फावर पालथं घातलं आणि म्हणाला, "हिला उन्हात ठेवू नका."