नागसेनेची नवी तुकडी

शेवटच्या शिपायाचा पाय पाटीवर टेकेना. देवमनने त्याला पुन्हा उचललं, तळव्यावर कानस फिरवली, सरस लावला आणि श्वास रोखून दाबून धरलं. करंगळीएवढा शिशाचा शिपाई. धड माणसाचं, वर नागाचा फणा. असे आठ जण एका लाकडी पाटीवर उभे राहिले की तुकडी झाली. मग ओल्या सरसावर वाळू भुरभुरायची, वाळल्या कडुनिंबाचा चुरा टाकायचा.

"पायाखाली जमीन दिसली पायजे, देवमन," शाळेचे शेषराव मास्तर म्हणायचे. "नाईतर शिपाई लढते कायच्यासाठी?"

देवमन अनसिंग स्टेशनावर गाड्यांचे रूळ बदलणारा पॉइंट्समन होता. मालडब्यांची सीलं तोडली की शिशाचे तुकडे रुळांत पडून राहत. ते वितळवून तो मातीच्या साच्यात ओतायचा. त्याची बायको गंगू गेली, त्या वर्षी मास्तरांनी त्याला हा लढाईचा खेळ लावला. दोन्ही राज्यं त्यांच्या मनातली. नागसेना मास्तरांची, पंखांचे घोडे देवमनचे. चाल वितीनं मोजायची, मार कवड्यांनी ठरवायचा. सहा वर्षं दर रविवारी देवमनच्या क्वार्टरमधल्या टेबलावर लढाई चाले.

मास्तरांची बदली इंझोरीला झाली, तेव्हा देवमनने दोन्ही सेनांची दुसरी जोड ओतून त्यांच्यासोबत दिली. मग खेळ पोस्टकार्डावर चालू झाला. 'तिसरी तुकडी, दोन वीत, नदीकडे. कवड्या चार.' कार्ड आलं की देवमन मास्तरांची तुकडी आपल्या हातानं सरकवायचा. मास्तरांनी कवड्या कधी खोट्या लिहिल्या नाहीत.

यंदा देवमनचे घोडे नागांच्या वेशीपर्यंत पोचले. चाल मास्तरांची होती. तीन महिने झाले, कार्ड आलं नाही. वेढा पडला की राजाला एक नवी तुकडी उभी करता येते, असा नियम होता. मास्तर तो विसरले असतील, म्हणून अडले असतील, असं देवमनला वाटलं. त्यानं तुकडी तयार केली, कापसात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि एक दिवसाची रजा टाकून निघाला. कारंज्याला गाडी बदलून तो दुपारी इंझोरीत उतरला.

"जय भीम मास्तर!"

"अरे देवमन! जय भीम, ये ये." मास्तर ओट्यावरून धडपडत उठले. तब्येत ठीक होती. त्यांच्या बायकोनं, भागिरथाबाईंनी, चहा आणला.

"पिशवीत काय आणलं, भाऊ?"

"काई नाई वयनी. भाकर हाये रस्त्यासाठी."

तो बोलताना आत पाहत होता. खिडकीपाशी टेबल होतं. त्यावर नव्या साड्या, पितळेची भांडी, लग्नाचं सगळं सामान रचलं होतं.

मास्तरांनी त्याची नजर ओळखली.

"पोरीचं, लीलाचं लगन हाये पुढच्या महिन्यात. पाव्हणे येऊन राह्यले रोज. टेबल मोकळं करा लागलं." त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "भोयाले मासे धराच्या जाळ्यासाठी शिसं पायजे होतं. देऊन टाकलं त्याले. समदं."

देवमननं मान हलवली.

"दोनदा कार्ड लिवाले बसलो," मास्तर म्हणाले. "काय लिवू, सांग."

"बरं केलं मास्तर. शिसं कामी आलं. जाळं बुडालं पायजे ना नीट."

भागिरथाबाई आत गेल्या. मग मास्तरांनी हळूच, शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "मले आता ध्यानात नाई. जिकून कोण राह्यलं होतं?"

देवमननं बशी खाली ठेवली.

"तुमी, मास्तर. माहे घोडे पार मांगं हटले होते."

मास्तरांचा चेहरा उजळला. "मले वाटलंच!" ते म्हणाले, आणि देवमनच्या खांद्यावर थाप मारून खूप दिवसांनी हसावं तसे हसले. तेवढ्यात फाटकाशी बैलगाडी थांबली. व्याही आले होते. मास्तर टोपी सारखी करत उठले.

"जेवल्याबिगर जाऊ नको, देवमन."

"गाडी हाये मास्तर. लग्नाले येतो."

कारंज्याची एसटी उभ्या माणसांनी भरली होती. तो दाराजवळ एका हातानं दांडी, दुसऱ्यानं तुकडीची पिशवी छातीशी धरून उभा राहिला. एका म्हातारीनं नातीला मांडीवर घेऊन जागा केली.

"बस न बापू. लांब जाचं असन."

"राहू द्या, माय," देवमन म्हणाला. "मी उभाच बरा."