सातशे किलोंची हौस

श्रीरंग दातार मे महिन्याच्या अखेरीला निवृत्त झाले आणि जून संपायच्या आत घरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून मोकळे झाले. लखनौमध्ये जानकीपुरमच्या औषध संशोधन संस्थेत त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती. मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा मोजायचा, हे रोजचं काम. आता मोजण्याजोगं काही उरलं नव्हतं. सकाळी आठला उठायचं, पेपर दोनदा वाचायचा आणि दुपारभर बाल्कनीत बसून खालून जाणाऱ्या ई-रिक्षा बघायच्या. बायको अनघा गोमती नगरच्या एका बँकेत अधिकारी होती, त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. संध्याकाळी आली की ती विचारायची, आज काय केलंत? ते म्हणायचे, झालं काहीबाही. ती पुढे काही विचारत नसे, पण स्वयंपाकघरातून दोनतीनदा डोकावून बघून जायची.

अनघा मूळची सांगलीची. वडिलांचा टेम्पो अठराव्या वर्षी गणपती पेठेतून उलटा बाहेर काढणारी. लखनौला आल्यावर त्यांनी जुनी मारुती घेतली, तीही तिनंच चालवली. श्रीरंगरावांना गाडी येत होती, पण आवडत नव्हती. बँकेतली मैत्रीण सुनीती सप्टेंबरातल्या एका रविवारी तिला ऑटोक्रॉस बघायला घेऊन गेली. मलिहाबादच्या रस्त्याला, आंब्याच्या बागा मागे टाकल्या की एका बंद पडलेल्या वीटभट्टीची मोकळी जागा आहे. तिथं हौशी मंडळी मातीत शंकू मांडतात, एकेक गाडी एकटीच सोडतात आणि घड्याळ लावतात. शंकू पाडला की वेळ वाढवून धरायची. बघायला गेलेली अनघा तिथल्या तिथं नाव नोंदवून धावली आणि एकोणीस जणांत सतरावी आली.

घरी आली तेव्हा तिच्या केसांत विटांची लाल धूळ होती आणि डोळे असे चमकत होते की श्रीरंगरावांनी पेपर खाली ठेवला. तिनं सगळं हसत हसत सांगितलं. राघव नावाचा एक मुलगा, पहिला आलेला, तिच्या गाडीत डोकावून म्हणाला होता, "आंटी, इसमें तो पूरी गृहस्थी लदी है।"

श्रीरंगराव हसले नाहीत. ते खाली गेले आणि त्यांनी डिकी उघडली. तिच्यात दोन छत्र्या होत्या, पाण्याचा कॅन होता, मुलगी हिमानी हिचे शाळेतले स्केट्स होते आणि चार वर्षांपूर्वी सांगलीहून आणलेला, वर न्यायचा राहून गेलेला पाटा-वरवंटा होता. त्यांनी सामान तोलायचा स्प्रिंगकाटा आणला आणि एकेक वस्तू टांगून पाहिली. अडतीस किलो भरले. वर येऊन ते म्हणाले, "सतरावी कसली, तू पाटा घेऊन पळालीस."

दुसऱ्या दिवशी ते सहाला उठले.

पुढची शर्यत नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होती. हौशी गटाचे नियम त्यांनी छापून आणले. पुढच्या दोन सीटा, पट्टे, काचा आणि दारं जागेवर हवीत, ब्रेक शाबूत हवेत. बाकी काय काढाल ते काढा. अलीगंजला वसीमभाईंचं गॅरेज होतं. ही गाडी ते वीस वर्षं ओळखत होते. गाडीतून काय काय काढायचंय हे ऐकल्यावर त्यांनी चहा मागवला, सगळं पुन्हा एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाले की हुजूर, लोक माझ्याकडे गाडीत काही बसवायला येतात, उतरवायला येणारे तुम्हीच पहिले.

स्टेपनी आणि जॅक गेले, मागची सीट गेली, गालिचे, स्पीकर, मागची फळी गेली. सगळं बाल्कनीत येऊन पडलं आणि अनघा त्या काढलेल्या सीटवर बसून संध्याकाळचा चहा पिऊ लागली. गालिचाखाली डांबरासारख्या काळ्या पट्ट्या चिकटवलेल्या निघाल्या, आवाज दाबण्यासाठी लावलेल्या. छिन्नीनं त्या निघेनात. श्रीरंगरावांनी आइस्क्रीमवाल्याकडून खोकाभर कोरडा बर्फ आणला. जाड हातमोजे घालून, दारं उघडी ठेवून दोघं नवरा-बायको गाडीत वाकले. बर्फ पसरायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग हातोडीचा हलका ठोका. काळी पट्टी बिस्किटासारखी तडकायची. अनघाला तो आवाज इतका आवडला की तिनं हातोडी त्यांच्याकडे परत दिलीच नाही. सात किलो पट्ट्या निघाल्या.

मग ते सीतापूर रोडवरच्या धर्मकाट्यावर गेले. तिथं मौरंगेचे, म्हणजे जाड्या वाळूचे ट्रक वजनाला उभे असतात. त्या रांगेत त्यांची लहानशी मारुती. काटा दहा-दहा किलोंनी हलणारा. आयुष्यभर मिलिग्रॅमशी झटलेल्या माणसाला तो अपमान वाटायला हवा होता, पण श्रीरंगराव चिठ्ठी घेऊन आले ते हरखून. पाट्यासकट हिशेबानं आठशे भरणारी गाडी आता सातशे दहा दाखवत होती.

"सातशे करू," ते म्हणाले.

अनघा म्हणाली की पुरे आता, चालवून तरी बघू. पण सातशे त्यांच्या डोक्यात बसले होते. त्यांनी आतल्या लोखंडी ब्रॅकेटांना भोकं पाडली, त्यातून मूठभर कीस निघाला. रात्रीच्या फोनवर ते हिमानीला हे सगळं सांगायचे. ती बेंगळुरूला नोकरीला होती. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत द्यायची. एकदा सगळं ऐकून ती म्हणाली, "पापा, मम्मी से भी पूछ लेना। चलानी तो उन्हीं को है।" त्यांनी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला.

ऑक्टोबरात त्यांना लखनौच्याच लालबागेत एक फायबरची सीट मिळाली. कुठल्याशा रेसिंगच्या गाडीतून निघालेली, टोपलीसारखी खोल आणि मूळच्या सीटपेक्षा नऊ किलोंनी हलकी. अनघा कामावर असताना त्यांनी ती वसीमभाईंकडून ड्रायव्हरच्या जागी बसवून घेतली आणि थेट धर्मकाटा गाठला. सातशे. ती चिठ्ठी त्यांनी फ्रिजवर लावली. अनघानं ती वाचली, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, वा.

रविवारी ती वीटभट्टीवर सराव करून यायची. कसं झालं विचारलं की म्हणायची, चाललंय. वेळ विचारली तर सांगायची की घड्याळ लावलं नव्हतं. श्रीरंगरावांना ते जरा विचित्र वाटायचं, पण तेवढ्यात त्यांना आणखी एखादा बोल्ट सुचायचा.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी ती पलंगावर बसून गुडघ्याला मलम चोळत होती. आत डोकावलेल्या श्रीरंगरावांना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हिरवा-जांभळा डाग दिसला, पोटरीवर तसलाच दुसरा. तिनं सलवार खाली ओढली. बँकेत टेबलाचा ड्रॉवर लागला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजमध्ये गेले तर वसीमभाई नजर चुकवत होते. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले की हुजूर, बेअदबी माफ करा, मॅडमनी शपथ घातली होती. त्या दोनदा येऊन गेल्या. ती सीट उंच, रुंद माणसाची आहे. मॅडम तिच्यात हलतात. वळणावर अंग तोलायला गुडघा दाराशी दाबून धरावा लागतो, क्लचला पाय पुरत नाही. मी गादी घालून दिली, तरी भागलं नाही. साहेबांना सांगू नका म्हणाल्या.

चहा संपवून श्रीरंगराव चालत निघाले आणि वाटेत कुठलीच ई-रिक्षा थांबवायची त्यांना आठवण राहिली नाही. वजन घेताना त्यांनी गाडी प्रत्येक वेळी रिकामी उभी केली होती. आत कोण बसणार, तिची उंची किती, हात कुठवर पोचतो, यातलं एकही माप त्यांनी घेतलं नव्हतं.

शनिवारी सकाळी अनघा बाजारात गेली तेव्हा त्यांनी बाल्कनीतून ड्रायव्हरची जुनी सीट खाली आणली. चार बोल्ट, पण तासभर गेला. ती भाजीच्या पिशव्या घेऊन परतली तेव्हा ते गाडीत आडवे होऊन शेवटचा बोल्ट आवळत होते. ती तिथंच उभी राहिली.

"अहो, हे काय? नऊ किलो वाढले ना."

"वाढू देत." ते उठून बसले. "तू बोलली का नाहीस?"

अनघानं पिशव्या बॉनेटवर ठेवल्या. "मे महिन्यापासून तुम्ही त्या बाल्कनीत बसून होतात. मग एक दिवस सहाला उठलात आणि दाढी करताना शीळ घातलीत. त्यात मी सीटचं रडगाणं कुठे लावू?"

श्रीरंगरावांनी हातातला पाना पायाशी ठेवला. "पस्तीस वर्षं," ते म्हणाले, "उंदराला औषध दिलं की त्याच्या अंगावर काय उमटतं ते रोज बघायचो. वहीत लिहायचो. घरात मात्र बघितलं नाही."

"म्हणजे मी उंदीर."

ती हसली आणि मग त्यांनाही हसू आलं. ते तिला म्हणाले, बस. ती बसली. त्यांनी सीट दोन खाचा पुढे घेतली, मग एक मागे. क्लच पूर्ण दाबायला लावला, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवायला लावलं, गुडघा दारापासून किती लांब राहतो ते वाकून बघितलं. पाठीमागे एक टॉवेल घडी करून ठेवला, काढला, पातळ घडी करून पुन्हा ठेवला. अर्ध्या तासानं ती म्हणाली की आता बरोबर, आणि भाजी उन्हात सुकतेय.

रविवारी वीटभट्टीवर बावीस गाड्या होत्या. थंडीची सुरुवात, ऊन कोवळं, आणि पहिली गाडी सुटताच सगळीकडे लाल धूळ. श्रीरंगराव प्रथमच आले होते. हातात स्टॉपवॉच होतं. अनघाचं पांढरं हेल्मेट त्यांनी स्वतः बांधलं आणि हनुवटीखालचा पट्टा दोनदा तपासला. ती निघाली तेव्हा घड्याळ दाबायचं ते विसरले. धुळीच्या लोटात गाडी दिसेनाशी व्हायची, मग पलीकडून तिरकी बाहेर यायची, आणि त्यांचं लक्ष फक्त त्या खिडकीतल्या पांढऱ्या ठिपक्याकडे होतं.

पहिल्या फेरीत तिला एक मिनिट एकोणतीस सेकंद लागले. सप्टेंबरपेक्षा पाच कमी. दुसरीत दोन शंकू पडले. तिसरीत मधल्या लांब वळणावर तिनं ब्रेक जवळजवळ लावलाच नाही. मागची बाजू घसरली, सावरली, आणि गाडी सरळ रेषेत आली. एक मिनिट सव्वीस. बावीसांत नववी.

राघव पुन्हा पहिला आला. तो गाडीत डोकावला आणि उघडा पत्रा बघून त्यानं विचारलं की ते डांबर कसं काढलं, माझं निघता निघत नाही. अनघानं श्रीरंगरावांकडे बोट दाखवलं. पुढची वीस मिनिटं ते त्याला कोरडा बर्फ, हातमोजे आणि उघडी दारं याविषयी सांगत राहिले. तो वहीत लिहून घेत होता. शेवटी त्यांनी त्याची उंची विचारली, त्याच्याच गाडीत त्याला बसवलं आणि सीट एक खाच मागे घ्यायला सांगितली.

परतताना अनघानं किल्ली त्यांच्या हातात दिली. दमले म्हणाली, तुम्ही घ्या. आवाज दाबणारं काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे गाडीत पत्र्याच्या पिंपात बसल्यासारखा गोंगाट होता. मलिहाबादपासून दोनेक किलोमीटर ती मोठ्यानं त्या लांब वळणाबद्दल सांगत होती. मग आवाज थांबला. त्यांनी वळून पाहिलं तर ती तोंड उघडं टाकून, लाल केसांनिशी झोपली होती.

श्रीरंगरावांनी वेग तीसवर आणला. मागून ट्रक भोंगे वाजवून पुढे जात होते, एक ई-रिक्षासुद्धा पुढे गेली. जानकीपुरमकडे जायचं वळण आलं. तिथून पुढे ओळीनं गतिरोधक होते. त्यांनी आरशात बघितलं आणि गाडी सरळ जाऊ दिली, लांबच्या गुळगुळीत रस्त्यानं.