पाचवा हात

आमच्या खोऱ्यात मित्र म्हणजे नुसता हसण्याबोलण्याचा सोबती नव्हे. भाऊ, चुलता, जावई, साडू, सगळ्यांना आम्ही मित्रच म्हणतो, कारण वेळ आली की तुमच्यासाठी धर्मग्रंथावर हात ठेवायचा तो त्यांनी. ज्याच्यासाठी कुणी हात ठेवत नाही तो बिनमित्राचा. त्याला गावात भाकरी नाही, छप्पर नाही.

माझ्या पोरावर, हॅमोवर, जमीनदाराची मेंढी चोरल्याचा आळ आला. 'मी चोरी केली नाही' या त्याच्या शपथेमागे पाच मित्र हवे होते, नाहीतर तो गावाबाहेर. चार आले. पाचवा, माझा चुलतदीर ॲडकिन, ऐन वेळी आडवा पडला. निरोप काय, तर पोटात कळ आली. हॅमो हाकलला गेला की त्याची जमीन कुणाच्या घशात जाणार, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

चर्चच्या दारात जमीनदाराचा कारभारी बसला होता. "गुनिल्डाबाई, पाचवा आणा, नाहीतर पोराला शिदोरी बांधून द्या."

तेवढ्यात गर्दीतून ओर्म पुढे आला. घरं शाकारणारा, केसांत गवत. ओर्म बोलताना अडखळतो. त्याचं नाव सांगून होईपर्यंत समोरच्याचं जेवण उरकतं. आणि एकाचा एक शब्द अडला तरी सगळ्यांची शपथ मोडते.

"हा तुमचा कोण?" कारभाऱ्याने विचारलं.

"मित्र."

"कुणाकडून? तुमच्या की नवऱ्याच्या?"

"स्वतःकडून. रक्ताचे घरी पोट धरून बसलेत."

हॅमोने शपथ घेतली. त्याच्यामागून चौघे भराभर बोलून मोकळे झाले. ओर्मने हात ठेवला, तोंड उघडलं, आवाजच फुटेना. हॅमो पिठासारखा पांढरा पडला. मग ओर्मने डोळे मिटले आणि पाद्रीबाबांच्या प्रार्थनेच्या चालीवर खणखणीत गायला लागला: "देवाशपथ, हॅमोने घेतलेली शपथ स्वच्छ आहे, खरी आहे."

एक अक्षर अडलं नाही.

"शपथ बोलायची असते, गायची नाही," कारभारी गुरगुरला.

"शब्द कुठला चुकला तेवढं सांगा," मी म्हणाले.

"मी दर रविवारी देवाशी गाऊनच बोलतो," पाद्रीबाबा म्हणाले. "ते सगळं खोटं धरायचं का?"

लोक खो खो हसले. कारभाऱ्याने हात झटकला. "सुटला पोरगा. जा."

पण ओर्म कुठला थांबतोय! त्याला आता गोडी लागली होती. डोळे मिटून त्याने शपथ पुन्हा पहिल्यापासून धरली, आणखी वरच्या पट्टीत.

"अरे बस, ओर्म्या! चुकशील आणि मला गावाबाहेर घालवशील," म्हणत हॅमोने त्याच्या तोंडावर हात दाबला आणि त्याला तसाच उचलून चर्चबाहेर पळाला.